प्री-मेडसाठी बायोलॉजी: कोणते कोर्स, कधी आणि किती?

कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतं, पण पहिल्या सेमिस्टरचे कोर्स बऱ्याच ठिकाणी जून-जुलैच्या ओरिएंटेशनमध्येच निवडावे लागतात. त्या सुमारास अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये ठरलेले प्रश्न निघतात. ‘डॉक्टर व्हायचंय, म्हणजे मेजर बायोलॉजीच ना?’ ‘एपी बायोलॉजीत पाच मिळालेत, मग पुन्हा तेच कशाला शिकायचं?’ ‘ॲनाटॉमी आत्ताच उरकली तर पुढे सोपं जाईल का?’

या प्रश्नांमागे बहुतेकदा आपल्या डोक्यातली बारावी असते. भारतातली भाचरं नीट देतात, तिथे विषय ठरलेले, अभ्यासक्रम ठरलेला आणि १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे. त्यामुळे ‘बायोलॉजी जितकी जास्त तितकं चांगलं’ हे गणित तिथे चालतं. अमेरिकेत ते चालत नाही. इथे कोर्स तुम्हीच निवडता, क्रम तुम्हीच लावता आणि चुकलात तर बहुधा दोन वर्षांनी कळतं. म्हणून बायोलॉजीचा प्रत्येक कोर्स घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा मी कशासाठी घेतोय? मेडिकल कॉलेजची अट म्हणून, एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेसाठी, की आवड आणि शिफारसपत्रासाठी? यापैकी एकही कारण सापडलं नाही तर तो कोर्स सोडून द्या.

लेखात ‘तुम्ही’ म्हटलंय ते मुख्यतः विद्यार्थ्यांना. पालकांनी जाणून घ्यायलाच हव्यात अशा गोष्टी शेवटाकडे आहेत.

आधी दोन गैरसमज दूर करू

‘प्री-मेड’ ही पदवी नाही. बहुतेक कॉलेजांत ते मेजरही नसतं. चार वर्षांची पदवी करता करता मेडिकल कॉलेजच्या अटी पूर्ण करायच्या, या वाटेला दिलेलं ते नाव आहे. पदवी कशातही घ्या, अटी पूर्ण झाल्या की तुम्ही अर्ज करू शकता.

बायोलॉजीत मेजर सक्तीचं नाही. अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त विद्यार्थी जीवशास्त्राचे असतात हे खरं. पण इतिहास, गणित किंवा संगीतात मेजर करून अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी नाही. गेल्या काही वर्षांत एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ च्या आसपास आणि एमकॅटचा स्कोअर ५११-५१२ च्या घरात आहे. ज्या विषयात मन रमतं आणि चांगले ग्रेड येतात, तोच विषय मेजरला घ्या.

किमान काय लागतं?

प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या अटी थोड्या वेगळ्या असतात. तरी पुढची यादी हाती असली तर बहुतेक दारं उघडी राहतात:

- एक वर्ष इंट्रो बायोलॉजी, लॅबसकट
- एक वर्ष जनरल केमिस्ट्री, लॅबसकट
- एक वर्ष ऑर्गॅनिक केमिस्ट्री, लॅबसकट (काही कॉलेजं आता एकाच सेमिस्टरवर भागवतात)
- एक वर्ष फिजिक्स, लॅबसकट
- एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री
- इंग्रजी किंवा लेखनाचे कोर्स, स्टॅटिस्टिक्स, आणि एमकॅटसाठी सायकॉलॉजी व सोशिऑलॉजीची ओळख

म्हणजे अटींपुरती बायोलॉजी फक्त दोन सेमिस्टरची. टेक्सासमधली सरकारी मेडिकल कॉलेजं मात्र याहून जास्त बायोलॉजी मागतात. तिथे राहणाऱ्यांनी हे पहिल्याच वर्षी लक्षात घ्यावं. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, म्हणजे एएएमसीची, ‘एमएसएआर’ नावाची ऑनलाइन निर्देशिका आहे. तुमच्या राज्यातल्या सगळ्या आणि आवडीच्या पाच-सहा कॉलेजांच्या अटी तिथून एका कागदावर उतरवून घ्या. ऐकीव माहितीवर चार वर्षांचं नियोजन करू नका.

क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात असाल, तर तीन क्वार्टर म्हणजे दोन सेमिस्टर, हा हिशेब धरा. तिथे ‘एक वर्ष बायोलॉजी’ म्हणजे तीन कोर्स.

कॅटलॉगमधली ओळ नीट वाचा

बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. समजा, कॅटलॉगमध्ये अशा दोन नोंदी आहेत:

*बायोलॉजी १०५: मानव आणि जीवशास्त्र. ३ क्रेडिट. पूर्वअट नाही. सायन्स मेजरसाठी ग्राह्य नाही.*

*बायोलॉजी १५१: पेशी आणि रेणू. ३ क्रेडिट. पूर्वअट: जनरल केमिस्ट्री १, झालेली किंवा सोबत. लॅब १५१-एल, १ क्रेडिट, वेगळी नोंदणी.*

पहिला कोर्स सोपा वाटतो, वेळापत्रकात बसतो आणि ‘मानव’ शब्दामुळे मेडिकलच्या जवळचा वाटतो. पण तो इतर शाखांच्या मुलांसाठी आहे. मेडिकल कॉलेजची अट त्यानं सहसा पूर्ण होत नाही. तुम्हाला हवा दुसरा. त्यातही तीन गोष्टी दडलेल्या आहेत. केमिस्ट्री आधी किंवा सोबत हवी. लॅबसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती राहिली तर वर्षअखेरीस ‘लॅबसकट’ ही अट अपुरी राहते. आणि एका क्रेडिटची ती लॅब दर आठवड्याला तीनेक तास आणि वर रिपोर्ट लिहिण्याचा वेळ खाते. क्रेडिटच्या आकड्यावरून मेहनतीचा अंदाज बांधू नका.

हीच गोष्ट ‘ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी १ व २’ या जोडीची. बऱ्याच कॉलेजांत ती नर्सिंग आणि तत्सम शाखांसाठी असते आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पातळीची असते. इंट्रो बायोलॉजीच्या जागी ती चालेल असं गृहीत धरू नका.

एपी बायोलॉजीचं क्रेडिट: घ्यावं की सोडावं?

याचं उत्तर दोन ठिकाणी शोधावं लागतं. तुमचं कॉलेज क्रेडिट देतं का, हा पहिला प्रश्न. मेडिकल कॉलेज ते मानतं का, हा दुसरा. काही मेडिकल कॉलेजं एपी मानतात, काही अजिबात मानत नाहीत. बरीचशी म्हणतात: एपी चालेल, पण त्याच्या बदल्यात वरच्या पातळीचा बायोलॉजी कोर्स लॅबसकट दाखवा. जिथे एपी चालतं तिथेही ते क्रेडिट कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसावं लागतं.

तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत:

- क्रेडिट घ्या आणि थेट वरचे कोर्स करा. पाया पक्का असेल आणि जेनेटिक्स किंवा सेल बायोलॉजीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या बरोबरीनं उतरायची तयारी असेल तरच.
- क्रेडिट सोडा आणि इंट्रो बायोलॉजी पुन्हा करा. एपी होऊन दोन वर्षं लोटली असतील, किंवा तुमच्या यादीतली कॉलेजं एपी मानत नसतील, तर हा मार्ग सुरक्षित. मात्र ‘येतंच सगळं, फुकटचा ए’ या भ्रमात राहू नका. कॉलेजची परीक्षा वेगळ्या घडणीची असते.
- पहिल्या भागाचं क्रेडिट घ्या, दुसरा भाग करा. काही कॉलेजं अशी मुभा देतात. ॲडव्हायझरला विचारून लेखी उत्तर घ्या.

एकाच विषयाचं एपीचं आणि कोर्सचं असं दुहेरी क्रेडिट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

क्रम कसा लावावा?

पदवीनंतर एकही वर्ष न थांबता मेडिकलला जायचं असेल तर उलटा हिशेब करा. एमडीचा सामाईक अर्ज ‘ॲमकास’ मे महिन्यात खुला होतो आणि प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास होतो. म्हणजे तिसरं वर्ष संपता संपता अर्ज तयार हवा, आणि त्याच वर्षीच्या वसंतात एमकॅट. त्याआधी बायोकेमिस्ट्री झालेली हवी. बायोकेमिस्ट्रीआधी ऑर्गॅनिक, ऑर्गॅनिकआधी जनरल केमिस्ट्री. ही साखळी तुटली की सगळं वर्षभर पुढे जातं. ढोबळ आराखडा असा:

1. पहिलं वर्ष: जनरल केमिस्ट्री, इंट्रो बायोलॉजी, एक लेखनाचा कोर्स, गणित किंवा स्टॅटिस्टिक्स.
2. दुसरं वर्ष: ऑर्गॅनिक केमिस्ट्री, जेनेटिक्स किंवा सेल बायोलॉजी, सायकॉलॉजी.
3. तिसरं वर्ष: पहिल्या सेमिस्टरला बायोकेमिस्ट्री, वर्षभर फिजिक्स, जमल्यास फिजिऑलॉजी. वसंतात एमकॅट.
4. चौथं वर्ष: मेजरचे उरलेले कोर्स, आवडीचे विषय, मुलाखती.

एका सेमिस्टरला लॅबचे दोनच सायन्स कोर्स घ्या. घर सोडून पहिल्यांदा राहताना, स्वतःचे कपडे आणि जेवण सांभाळताना, जनरल केमिस्ट्री आणि बायोलॉजी दोन्ही लॅबसकट हाच पुरेसा भार आहे. डोईजड वाटला तर पहिल्या सेमिस्टरला फक्त केमिस्ट्री घ्या आणि बायोलॉजी पुढे ढकला. त्यात काही कमीपणा नाही. मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं आता पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबून जातात. तसं ठरवलंत तर हाच आराखडा सैल करता येतो.

इंट्रोनंतर कोणते कोर्स घ्यावेत?

आधी एमकॅटचं गणित पाहा. परीक्षेचे चार भाग आहेत आणि एकूण स्कोअर ४७२ ते ५२८ च्या दरम्यान मिळतो. जीवशास्त्राच्या भागात ९५ मिनिटांत ५९ प्रश्न. त्यातला साधारण ६५ टक्के मजकूर इंट्रो बायोलॉजीचा, २५ टक्के पहिल्या सेमिस्टरच्या बायोकेमिस्ट्रीचा, उरलेला केमिस्ट्रीचा. म्हणजे तीन कोर्समध्ये या भागाचा नव्वद टक्के पाया होतो. केमिस्ट्री-फिजिक्सच्या भागातही बायोकेमिस्ट्रीचा वाटा पुन्हा २५ टक्के. उलट, नीटमध्ये भरपूर गुण देणारं वनस्पतिशास्त्र एमकॅटमध्ये जवळपास नसतंच.

त्यावरून प्राधान्य असं लावता येईल:

- बायोकेमिस्ट्री: सर्वात फायद्याचा कोर्स. दोन सेमिस्टरची मालिका मेजरची गरज असेल तरच. एरवी एक सेमिस्टर पुरतं.
- सेल बायोलॉजी आणि जेनेटिक्स: प्रयोगाचे आलेख वाचून निष्कर्ष काढायची सवय इथे लागते. एमकॅटचे उतारे नेमकं तेच विचारतात.
- फिजिऑलॉजी: हृदय, मूत्रपिंड, हॉर्मोन यांचं कार्य समजावणारा. एमकॅटला आणि पुढेही कामाचा.
- स्टॅटिस्टिक्स: बायोलॉजी नाही, पण शोधनिबंध वाचायला याच्याशिवाय गत्यंतर नाही. ॲमकासमध्ये त्याची गणती गणितात, म्हणजेच सायन्स जीपीएत होते.
- मायक्रोबायोलॉजी, इम्युनॉलॉजी, न्यूरोसायन्स: आवडेल तो एखादा. वर्ग लहान असतो, प्राध्यापक नावानं ओळखतात.
- ॲनाटॉमी: मेडिकलच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकायचीच आहे. आवड असेल तर घ्या. ‘पुढे सोपं जाईल’ एवढ्यासाठी नको.

लहान वर्गाचा मुद्दा हलका समजू नका. बरीच मेडिकल कॉलेजं सायन्स शिकवलेल्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं मागतात. मोठ्या विद्यापीठांत इंट्रो बायोलॉजीला एका हॉलमध्ये शेकडो मुलं बसतात. तिथले प्राध्यापक तुमच्याबद्दल ग्रेडपलीकडे काय लिहिणार? तिसऱ्या वर्षाच्या आत वीस-पंचवीस जणांचा एखादा वरचा कोर्स घ्या आणि ऑफिस अवर्सना प्रश्न घेऊन जात राहा.

इथे बरेच जण फसतात

पुन्हा कोर्स केला की जुना ग्रेड पुसला जातो, हा समज. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर जाईलही, ॲमकासमध्ये नाही. चार क्रेडिटच्या इंट्रो बायोलॉजीत सी आला, म्हणजे ८ गुण. पुन्हा केला, ए आला, १६ गुण. कॉलेज फक्त दुसरा धरून ४.० दाखवेल. ॲमकास दोन्ही धरून आठ क्रेडिटला २४ गुण, म्हणजे ३.० काढेल. डीओ (ऑस्टिओपॅथिक) मेडिकल कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा, पण ती सवलत २०१७ मध्ये संपली. म्हणून सी आला की लगेच तोच कोर्स पुन्हा घेऊ नका. वरच्या कोर्समध्ये ए मिळवून दाखवणं अनेकदा जास्त शहाणपणाचं. कॉलेजची अट सी-माइनसला अडत असेल तर मात्र पर्याय नाही.

हायस्कूलमधली ड्युअल एनरोलमेंट विसरणं. अकरावी-बारावीत जवळच्या कम्युनिटी कॉलेजात केलेल्या कोर्सचे ग्रेडही ॲमकासमध्ये धरले जातात. सोळाव्या वर्षी मिळालेला सी चार-पाच वर्षांनी समोर येतो. धाकट्या भावंडांना हे आत्ताच सांगून ठेवा.

कुठला कोर्स सायन्स जीपीएत येतो हे न पाहणं. ॲमकास बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीए काढतं. जेनेटिक्स, फिजिऑलॉजी, न्यूरोसायन्स त्यात येतात. सार्वजनिक आरोग्य, आहारशास्त्र असे कोर्स सहसा येत नाहीत, कितीही ‘मेडिकल’ वाटले तरी.

पास-फेल. अटींचे कोर्स नेहमी ग्रेडसाठी घ्या. बरीच कॉलेजं पास-फेल ग्राह्य धरत नाहीत.

सगळे अवघड कोर्स उन्हाळ्यात उरकणं. पंधरा आठवड्यांची ऑर्गॅनिक सहा आठवड्यांत कोंबली की बायोकेमिस्ट्रीला पाया कच्चा राहतो. एखादा कोर्स ठीक, सवय नको.

कोर्स सोडायला उशीर करणं. सुरुवातीच्या मुदतीत ड्रॉप केलेला कोर्स ट्रान्सक्रिप्टवर येत नाही. नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ दिसतो, पण जीपीए बिघडत नाही. एखादा डब्ल्यू डी किंवा एफपेक्षा केव्हाही बरा. दर सेमिस्टरला एक असेल तर मात्र प्रश्न विचारले जातात. सोडण्याआधी क्रेडिट मोजा: एफ-१ व्हिसा आणि बरीचशी आर्थिक मदत टिकवायला सेमिस्टरला सहसा किमान १२ क्रेडिट लागतात.

व्हिसा आणि भारतातली पदवी

हा प्रश्न आपल्या समाजातल्या अनेक घरांचा आहे. एच-४ व्हिसावरच्या मुलांचा आश्रित दर्जा २१ व्या वर्षी संपतो. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही, तर एफ-१ सारखा वेगळा व्हिसा घ्यावा लागतो आणि अर्ज आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणून होतो. अमेरिकेतली बहुतेक मेडिकल कॉलेजं अशा विद्यार्थ्यांना घेत नाहीत. घेणाऱ्यांपैकी काही फीची रक्कम आगाऊ बाजूला ठेवायला सांगतात. तेव्हा कॉलेजांची यादी करताना व्हिसाचं धोरण हाच पहिला रकाना ठेवा.

भारतात बीएस्सी करून इथे आलेल्यांनी लक्षात घ्यावं की ॲमकास परदेशी ट्रान्सक्रिप्ट पडताळत नाही, आणि बहुतेक मेडिकल कॉलेजं अटींचे कोर्स अमेरिका किंवा कॅनडातल्या कॉलेजात केलेले मागतात. बायोलॉजी कितीही झालेली असली तरी इथे काही कोर्स पुन्हा करायची मानसिक आणि आर्थिक तयारी ठेवा.

हक्क काय आहेत? पालकांनीही वाचावं

- ग्रेडवर हक्क मुलांचा. ‘फर्पा’ या १९७४ च्या कायद्यानुसार मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या शैक्षणिक नोंदींचा हक्क त्याच्याकडे जातो. फी तुम्ही भरत असलात तरी रजिस्ट्रार तुम्हाला ग्रेड सांगायला बांधील नाही. मुलानं लेखी संमती दिली तर सांगता येतात. त्यासाठी आग्रह धरण्याआधी ‘अडचण आली तर आधी आम्हाला सांग’ एवढा विश्वास कमवा.
- नोंद पाहण्याचा हक्क. विद्यार्थ्यानं मागणी केली की ४५ दिवसांच्या आत कॉलेजनं नोंदी दाखवायला हव्यात. त्यात चूक असेल तर दुरुस्तीही मागता येते. ग्रेड पटला नाही, ही बाब वेगळी. त्यासाठी कॉलेजची अपीलाची पद्धत असते.
- अपंगत्व, शिकण्यातली अडचण, दीर्घ आजार. परीक्षेला जास्त वेळ, वेगळी खोली अशा सोयी कायद्यानं मिळतात. पण हायस्कूलचा आयईपी, म्हणजे मुलाच्या गरजेनुसार केलेला शैक्षणिक आराखडा, कॉलेजात आपोआप लागू होत नाही. विद्यार्थ्यानं स्वतः संबंधित कार्यालयात कागदपत्रं देऊन नोंदणी करायची असते, तीही पहिल्या परीक्षेच्या आधी.

रजिस्ट्रेशनच्या आधी एवढं करा

1. मेडिकल कॉलेजांच्या अटींचा कागद आणि आपल्या कॉलेजचा कॅटलॉग समोर ठेवून कोर्सचे क्रमांक जुळवा.
2. प्रत्येक बायोलॉजी कोर्सपुढे लिहा: अट, एमकॅट, की आवड.
3. मागच्या सेमिस्टरचा सिलॅबस शोधा. परीक्षा किती, लॅबला गुण किती, सगळ्यात कमी गुणांची एक परीक्षा वगळतात का, हे त्यात कळतं.
4. प्री-हेल्थ ॲडव्हायझरची वेळ आत्ताच घ्या आणि चर्चेनंतर ठरलेलं ईमेलवर त्यांना लिहून पाठवा. पुढे ॲडव्हायझर बदलले तरी ती नोंद तुमच्याकडे राहते.
5. ड्रॉपची आणि डब्ल्यूची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरात टाका.
6. हवा तो लॅब सेक्शन भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या आठवड्यात हजर राहा. पहिल्या आठवड्यात बरीच मुलं कोर्स बदलतात आणि जागा मोकळ्या होतात.

हे सहा मुद्दे झाल्यावर ‘अजून एखादी बायोलॉजी घेऊ का?’ असा प्रश्न उरलाच, तर उत्तर ‘नको’ असं समजा. त्या वेळात बायोकेमिस्ट्रीचा किंवा लॅबचा पाया पक्का करा, नाहीतर झोप पूर्ण करा.